कडेला उभं असलेलं मूल

जपानमधल्या एका खेड्यातली शाळा. पहिल्याच दिवशी एक मुलगा कमी भरतो. शोधाशोध केल्यावर तो शाळेच्या लाकडी जमिनीखालच्या अंधाऱ्या पोकळीत दडून बसलेला सापडतो. अंगाने एवढासा, म्हणून मुलं त्याचं नाव ‘चिबी’ पाडतात. चिबीला मास्तरांची भीती वाटते, मुलांची भीती वाटते. शिकणं जमत नाही, सवंगडी मिळत नाहीत. अभ्यासाच्या वेळी एकटा, खेळाच्या सुट्टीतही एकटा. नको ते दिसू नये म्हणून तो डोळे तिरळे करायला शिकतो. मग तासन्‌तास छताकडे बघतो, बाकाच्या लाकडातल्या रेषा बघतो, कुणाच्या तरी खांद्यावरचं ठिगळ बघतो. वाळक्या गवताचं इरलं पांघरून, मुळ्याच्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा घेऊन तो रोज शाळेत येतो. मुलं त्याला खुळा म्हणतात. अशी पाच वर्षं जातात.

सहाव्या वर्षी इसोबे नावाचे नवे मास्तर येतात. ते मुलांना शाळेमागच्या टेकडीवर नेतात, तेव्हा रानद्राक्षं कुठे लागतात आणि कंद कुठे सापडतात हे चिबीला नेमकं ठाऊक असल्याचं कळतं. मास्तर त्याची चित्रं भिंतीवर लावतात. कुणी जवळ नसताना त्याच्याशी बोलत बसतात. आणि वर्षअखेरीच्या कार्यक्रमात चिबी रंगमंचावर उभा राहून कावळ्यांचे आवाज काढतो: नुकत्याच अंड्यातून आलेल्या पिलाचा, आईचा, बापाचा, भल्या पहाटेचा, गावात काही वाईट घडल्यावरचा, आनंदाचा. ऐकता ऐकता सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तो राहतो ती डोंगरातली दूरची जागा उभी राहते. मग मास्तर सांगतात, हे आवाज तो कसे शिकला. सूर्य उगवताना घर सोडायचं, मावळताना घरी पोचायचं, सहा वर्षं, रोज. सगळा वर्ग रडतो.

‘क्रो बॉय’ हे तारो याशिमा यांचं चित्रपुस्तक १९५५ साली अमेरिकेत निघालं आणि पुढच्या वर्षी त्याला कॅल्डेकॉट सन्मान मिळाला. याशिमा हे टोपणनाव. मूळचे आत्सुशी इवामात्सू, जन्म १९०८, कागोशिमा भागातल्या एका गावचे. जपानच्या लष्करशाहीला विरोध केला म्हणून ते आणि त्यांची पत्नी दोघेही तुरुंगात गेले. १९३९ साली ती दोघं अमेरिकेला निघाली तेव्हा लहानग्या मुलाला आजीआजोबांपाशी ठेवावं लागलं. महायुद्धात इवामात्सू अमेरिकेच्या बाजूने काम करू लागले, आणि मागे राहिलेल्या मुलाला त्याचा त्रास होऊ नये म्हणून त्यांनी नाव बदललं. जमावाच्या विरुद्ध बाजूला उभं राहिलं की काय होतं, हे या माणसाला ऐकून माहीत नव्हतं. पुस्तक त्यांनी आपल्या लहानपणीच्या शाळेवरून रचलं.

या पुस्तकाबद्दल बोलताना बहुतेक जण इसोबे मास्तरांचं कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यातला सांगणारा जास्त महत्त्वाचा वाटतो. गोष्ट चिबी सांगत नाही, मास्तरही सांगत नाहीत. ‘आमच्या’ शाळेतली गोष्ट म्हणून ती त्याच वर्गातलं कुणीतरी सांगतं. म्हणजे पाच वर्षं चिबी एकटा बसलेला ज्यांनी पाहिला, त्यांच्यातलं एक मूल. ते चिबीला मारत नव्हतं. कदाचित चिडवतही नसेल. ते होतं, एवढंच. दादागिरीवर आजवर निघालेल्या चित्रपुस्तकांपैकी जी टिकली, त्यांतली बरीचशी या मुलासाठी लिहिलेली आहेत, हे एकदा लक्षात आलं की ती पुस्तकं वेगळी दिसू लागतात.

शाळेतल्या छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो उत्तर युरोपात, १९७० च्या दशकात. दान ओल्वेउस हे त्यातलं मोठं नाव. त्यांनी या वागण्याची जी व्याख्या केली ती आजही वापरली जाते: दुखावण्याचा हेतू, ते पुन्हा पुन्हा होणं आणि दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसणं. दोन मित्र भांडले, एकमेकांना चार गुद्दे मारले आणि संध्याकाळी परत खेळायला लागले, तर त्यात हे बसत नाही. रोज एकाच मुलीच्या डब्यावरून, रंगावरून किंवा आडनावावरून काहीतरी बोललं जाणं आणि तिला उलटून बोलता न येणं, हे बसतं. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागातल्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या, त्यामागे शाळेतला छळ असल्याचं पुढे आलं, आणि १९८३ मध्ये नॉर्वेने देशभरातल्या शाळांसाठी मोहीम सुरू केली. तोवर ‘मुलं आहेत, चालायचंच’ असंच तिकडेही म्हणत होते.

पुढचं महत्त्वाचं पाऊल फिनलंडमध्ये पडलं. तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं की छळ हा दोघांतला मामला नसतो, सगळ्या वर्गाचा त्यात वाटा असतो. त्रास देणारा आणि सोसणारा सोडले तरी कुणी त्रास देणाऱ्याचा साथीदार असतो, कुणी हसून त्याला चेव आणतो, कुणी सोसणाऱ्याची बाजू घेतो, आणि बरेच जण आपला काही संबंध नाही अशा चेहऱ्याने वावरतात. कॅनडात टोरांटोच्या शाळांमध्ये मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. टिपलेल्या प्रसंगांपैकी ८८ टक्क्यांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडणारं कुणी निघालं ते फक्त १९ टक्क्यांत. पण जेव्हा कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा, म्हणजे ५७ टक्के वेळा, तो प्रकार दहा सेकंदांत थांबला.

दहा सेकंद! मोठ्या माणसाला हाक मारायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तरीही मुलं मध्ये पडत नाहीत, आणि याचं कारण ती निर्दय असतात असं नाही. एलिनॉर एस्टिस यांच्या १९४४ सालच्या ‘द हंड्रेड ड्रेसेस’मध्ये ते कारण अगदी उघड मांडलेलं आहे. ही गोष्ट चित्रपुस्तकापेक्षा लांब आहे, पण लुई स्लोबोडकिन यांच्या फिकट, विरघळत्या रंगांच्या चित्रांशिवाय तिचा विचारच करता येत नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ती पूर्वी दोन भागांत होती, त्यामुळे तेव्हा केंद्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकलेल्या अनेक मराठी मुलांनीही ती वाचलेली आहे. पोलिश घरातली वांडा रोज तोच विटका निळा झगा घालून शाळेत येते आणि सांगते की घरी माझे शंभर झगे आहेत. पेगी रोज तिला थांबवून त्या झग्यांची चौकशी करते. पेगीची मैत्रीण मॅडी शेजारी उभी असते. तिला हे आवडत नाही. पण मॅडी स्वतःही गरीब आहे, दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालते, आणि आपण बोललो तर उद्या पाळी आपली, हे तिला पक्कं ठाऊक आहे. एकदा ती पेगीला चिठ्ठी लिहायला घेते आणि मग तिचे तुकडे करून टाकते. वांडाचे शंभर झगे म्हणजे तिने काढलेली शंभर चित्रं होती, हे कळेपर्यंत ते कुटुंब गाव सोडून गेलेलं असतं.

चिठ्ठी फाडण्याचा तो प्रसंग मला सगळ्या पुस्तकाचा गाभा वाटतो. दयाळूपणा मॅडीच्या मनात आहेच, तो कुणी शिकवायची गरज नाही. तिला गरज आहे ती भीती ओलांडण्याची. मुलांना ‘चांगलं वागा’ सांगणाऱ्या पुस्तकांचा ढीग पडला आहे, पण चांगलं वागायला भीती वाटते हे कबूल करणारी पुस्तकं थोडी.

जॅकलीन वुडसन यांचं ‘ईच काइंडनेस’ (२०१२) आणखी पुढे जातं. वर्गात जुन्या कपड्यांतली माया येते आणि क्लोईला खेळायला बोलावत राहते, क्लोई दर वेळी तोंड फिरवते. एक दिवस बाई पाण्याने भरलेलं भांडं आणतात, त्यात खडा टाकून तरंग दाखवतात, आणि प्रत्येकाने एकेक खडा टाकून आपण केलेली एक चांगली गोष्ट सांगायची असते. क्लोईला एकही आठवत नाही. त्या दिवशी मायाची जागा रिकामी असते, आणि पुढे कळतं की ती परत येणारच नाही. पुस्तक इथेच संपतं. माफी मागणं नाही, मिठी नाही. बऱ्याच पालकांना हा शेवट जड वाटतो. मला तो मुलांवर विश्वास टाकणारा वाटतो. लहान मुलांनाही हुकलेल्या संधीचं दुःख माहीत असतं, आपणच त्यांना ते नसल्यासारखं वागवतो.

आता चित्रांकडे येऊ, कारण खरं काम तिथे होतं. ट्रूडी लडविग यांच्या ‘दि इन्व्हिजिबल बॉय’मध्ये (२०१३) ब्रायनला कुणी मारत नाही, टोपणनावंही ठेवत नाही. फक्त संघ निवडताना तो उरतो, वाढदिवसाच्या गप्पांत त्याला कुणी मोजत नाही. ‘वगळलं जाणं’ चार-पाच वर्षांच्या मुलाला शब्दांत समजावणं कठीण, कारण इथे घडलेलं काही दाखवताच येत नाही. चित्रकार पॅट्रिस बार्टन यांनी ते एका साध्या युक्तीने दाखवलं: भोवतालचा वर्ग रंगीत आणि ब्रायन तेवढा पेन्सिलीने काढलेला, करडा. नव्याने आलेल्या जस्टिनच्या डब्यातल्या कोरियन जेवणाला मुलं हसतात, तेव्हा ब्रायन त्याला चित्र काढून चिठ्ठी देतो. जस्टिन त्याला आपल्यात ओढतो आणि पानागणिक ब्रायनच्या अंगावर रंग चढू लागतो. मजकुरात याबद्दल एक अक्षरही नाही. वाचून दाखवणारी मोठी माणसं अक्षरांवर बोट ठेवून पुढे सरकतात, अक्षरओळख नसलेलं मूल मात्र चित्रात थांबतं आणि हा बदल त्यालाच आधी दिसतो. मोठ्यांच्या आधी आपल्याला कळलं, या आनंदात गोष्ट त्याची स्वतःची होते.

बेल्जियमचे यान द किंडर यांनी ‘रेड’ या पुस्तकात लाल रंगाचा असाच उपयोग केला आहे. एका मुलाचे गाल लाल होतात, सांगणारी मुलगी ते गमतीने दुसऱ्याला दाखवते. तिचा हेतू वाईट नसतो, पण हसणं पसरतं, त्याचं छळात रूपांतर होतं आणि आता तिला ते थांबवता येत नाही. बाई विचारतात, कुणी काय पाहिलं? तिचा हात जड होतो. मग तो वर जातो, आणि त्याच्यामागून इतरांचे हात. टोरांटोच्या मैदानावर जे मोजलं गेलं, तेच इथे एका मुलीच्या दंडात जाणवतं.

सगळी चांगल्या हेतूची पुस्तकं अशी कामाला येतात का? टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची एक गोष्ट वाचून दाखवली. काहींना प्राण्यांची पात्रं असलेलं पुस्तक, काहींना तेच पुस्तक, पण प्राण्यांच्या जागी माणसं. आधी आणि नंतर मुलांना आपले स्टिकर दुसऱ्या मुलासाठी ठेवण्याची संधी दिली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांचं देणं वाढलं, प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांचं वाढलं नाही. कोल्ह्या-सशांची गोष्ट मुलांना मनापासून आवडते, पण तिच्यातून आपल्या वर्गाकडे यायला एक उडी मारावी लागते आणि ती उडी लहान मुलाला नेहमी जमत नाही. हा एकच प्रयोग आहे आणि त्यात छळ नव्हे तर वाटून घेणं मोजलं होतं, त्यामुळे पंचतंत्र बासनात बांधायची गरज नाही. पण ज्या संस्कृतीत बोधकथा म्हटली की प्राणीच डोळ्यांपुढे येतात, तिथे हे ध्यानात ठेवायला हवं. वर्गातल्या प्रश्नासाठी वर्ग दिसेल असं पुस्तक लागतं.

मराठीत अशी पुस्तकं कमी आहेत. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांतून मराठी घरातलं खरं मूल चित्रात आणलं, उपदेश न करता आणलं, आणि त्यांच्यामुळे एक मोठी वाट मोकळी झाली. पण शाळेच्या मागच्या बाकावर काय चालतं, तिथवर आपली चित्रपुस्तकं फारशी गेलेली नाहीत. तिथे जायचं तर आपल्याकडच्या छळाचं रूप ओळखावं लागेल. आपल्याकडे चिडवण्याला रंग, जाड-बारीक अंग, चष्मा, तोतरेपणा हे विषय पुरतात, तशीच जात पुरते, आणि बोलीही पुरते. घरी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारं मूल वर्गात तोंड उघडतं आणि हसू फुटतं, त्यात कधीकधी फळ्यापाशी उभ्या माणसाचंही हसू असतं. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मनाई आहे, पण हसण्याची नोंद कुठे होते?

साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना बसायला घरून गोणपाट आणावं लागे आणि शिपाई असेल तरच पाणी मिळे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी २०११ च्या ‘भीमायन’मध्ये हे चितारलं, ठरावीक चौकटी न आखता, आपल्या परंपरेतल्या वाहत्या रेषांनी. त्या शाळेतही एक वर्गभर मुलं होती. ती काय बघत होती, त्यांना काय वाटत होतं, घरी जाऊन त्यांनी आईला काय सांगितलं, असं पुस्तक मराठीत कुणीतरी लिहायला हवं. इथे वगळणं हा एखाद्या व्रात्य मुलाचा खोडसाळपणा नव्हता, मोठ्यांनी घालून दिलेली रीत होती. म्हणूनच ते लिहिणं अवघड आहे.

तोवर हाताशी असलेल्या पुस्तकांत एक फार सोयीचं आहे. केरास्कोएट या नावाने काम करणाऱ्या फ्रेंच चित्रकार जोडप्याचं ‘आय वॉक विथ व्हनेसा’ (२०१८). त्यात शब्दच नाहीत, म्हणजे ते कुठल्याही बोलीत वाचता येतं. नव्या मुलीला एक मुलगा रस्त्यात टोचून बोलतो, ती रडत घरी पळते. दुसरी एक मुलगी हे बघते. तिला रात्री झोप लागत नाही. सकाळी ती त्या मुलीच्या दारात जाते आणि दोघी मिळून शाळेला निघतात. वाटेत एकेक मूल त्यांच्यात सामील होतं. ती त्या मुलाशी भांडत नाही, त्याला धडा शिकवत नाही, नुसती सोबत चालते. घाबरलेल्या मुलालाही जमण्यासारखं हे आहे.

अशी पुस्तकं वाचून दाखवताना आपली एक सवय आड येते. शेवटचं पान उलटलं की आपण विचारतो, ‘मग यातून काय शिकलो?’ मुलं चटकन हवं ते उत्तर देतात, कारण परीक्षेत तेच देतात, आणि गोष्ट तिथे मिटते. त्यापेक्षा मधल्याच एखाद्या पानावर रेंगाळावं. झोप न लागलेल्या मुलीच्या पानावर, चिठ्ठी फाडलेल्या जागी. मूल काही बोललं तर ऐकावं, नाही बोललं तर पान उलटावं. आणि एक गोष्ट कधीच करू नये: वर्गातल्या सोसणाऱ्या मुलाकडे बोट दाखवून ‘बघा, हा आपला चिबी’ असं म्हणू नये. त्याने ते मूल दुसऱ्यांदा वर्गापुढे उभं राहतं.

नुसत्या पुस्तकाने वर्ग बदलत नाही, हे शिकागोच्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या वर्गात दर वर्षी काही मुलं ठरवायची, कोण खेळात येणार आणि कोण नाही, आणि वगळली जाणारी मुलं बहुधा तीच असायची. पेलींनी एक नियम आणायचं ठरवलं: ‘तू खेळायला यायचं नाही’ असं कुणी कुणाला म्हणायचं नाही. आपल्या गल्लीतही धाकट्यांना लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यायची पद्धत आहे, पण तिथे घ्यायचं की नाही हे मोठी मुलं ठरवतात. पेलींना तो अधिकारच काढून घ्यायचा होता. मात्र नियम लगेच लागू न करता त्या आधी वरच्या वर्गांत गेल्या आणि मोठ्या मुलांचं मत विचारलं. मोठी मुलं म्हणाली, नियम न्यायाचा आहे, पण चालणार नाही. आमच्या वयात तर नाहीच, अगदी लहानांत मात्र कदाचित जमेल. या सगळ्या काळात पेली आपल्या वर्गाला मॅगपाय नावाच्या पक्ष्याची, स्वतः रचलेली, एक लांबतच जाणारी गोष्ट सांगत होत्या. हा पक्षी एकट्या पडलेल्यांना शोधून काढतो. १९९२ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात नियमावरच्या चर्चा आणि ही गोष्ट शेजारी शेजारी चालतात. नियम लागू झाला तेव्हा सगळ्यात जास्त विरोध केला तो आजवर कोण खेळणार हे ठरवणाऱ्या मुलीने, आणि पेलींनी तिचं म्हणणंही तितक्याच सविस्तरपणे लिहून ठेवलं आहे.